चिमण्याचा पट्टा

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुठलीही वस्तू दिसली की ती आतून कशी आहे हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सातव्या वर्षी मी घरातलं गजराचं घड्याळ उघडलं, ते पुन्हा कधी वाजलं नाही. मी तोंड उघडलं की माझे वडील म्हणायचे, "झाली का चौकशी कचेरी सुरू?" वडिलांना मी नाना म्हणत असे. यज्ञेश्वरपंत हे त्यांचं नाव. नगरच्या कोर्टात ते नकला लिहीत आणि संध्याकाळी कीर्तनाला पेटीची साथ करत. पेटी बिघडली तर कुणाला हात लावू देत नसत, स्वतःच तिची आतडी बाहेर काढून बसत. तेव्हा माझी खोड कुठून आली हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच मिरजगाव सोडून कोसभर पुढे गेल्यावर आमची मोटार 'फुस्स' करून एका अंगाला बसली, तेव्हा खरं सांगायचं तर मला आधी आनंदच झाला. चाकाच्या आत काय असतं ते आता बघायला मिळणार होतं. आपलं काय अडलंय हे मागाहून आठवलं.

अडलं होतं ते असं. चव्वेचाळीस सालची गोष्ट, लढाई चालू होती. मी एकोणीस वर्षांची, ट्रेनिंग पास झालेली, आणि कर्जतच्या मुलींच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. अठरा ऑगस्टला हजर व्हायचं, न झाल्यास यादीतल्या पुढच्या उमेदवाराला घेतलं जाईल, असा हुकूम होता. हुकूम लिहिणाऱ्याने पंचांग पाहिलं नव्हतं. अठरा तारखेला अमावास्या होती, पोळा होता, शाळेला सुट्टी होती. मी शाळेच्या मुख्य बाई नीलांबरीबाई यांना पत्र टाकून विचारलं, तर उलट टपाली उत्तर आलं : 'शाळेला सुट्टी असली तरी हुकमाला सुट्टी नाही. मी पाच वाजेपर्यंत हजेरीचं पुस्तक उघडून बसेन. पाचला मिटेन.'

नाना या नोकरीला हो म्हणाले नव्हते आणि नाहीही म्हणाले नव्हते. ते 'बघू' म्हणाले होते. आई जाऊन चार वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. "अमावास्येला कुणी कामावर रुजू होतं का?" एवढंच त्यांनी दोनदा बोलून दाखवलं आणि मला पोचवायला म्हणून मोटारीत बसले. सणाचा दिवस, त्यामुळे मोटारीत आम्ही दोघंच उतारू. क्लीनरसुद्धा रजेवर गेलेला. पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी जोडली होती आणि तिच्या धुरावर ती धापा टाकत चालत होती. अकराच्या सुमाराला तिचं पुढचं डावं चाक गेलं.

ड्रायव्हर कानिफनाथ, नगरचाच. अंगाने काटकुळा पण हाताचा चपळ. जास्तीचं चाक त्याच्याकडे नव्हतं. ते आठ दिवसांपूर्वीच फाटलं होतं आणि लढाईच्या दिवसांत नवं टायर मिळणं म्हणजे वाघिणीचं दूध मिळवणं. त्याने जॅक लावला, चाक उतरवलं, टायर उचकटून आतली रबरी नळी बाहेर ओढली. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. नाना रस्त्याकडेच्या लिंबाखाली ट्रंकेवर बसून तपकिरीची डबी बोटाने वाजवत होते.

"ताई, जरा उजेड सोडा," कानिफनाथ म्हणाला.

तेवढ्यात ओढ्याकडून माणसं आली. बैल धुवायला गेलेली, धोतरं ओली, हात हळदीने पिवळे. सगळ्यांच्या पुढे कारभारी नावाचा एक पन्नाशीचा शेतकरी होता. त्याची चौकशी कचेरी माझ्याहून मोठी निघाली.

"आत काय असतंय ओ ह्याच्या?"

"वारा," कानिफनाथ म्हणाला.

"निस्ता वारा? अन् त्यावर येवढं धूड चालतंय?" कारभारी मोटारीभोवती एक फेरी मारून आला. "मंग गेला कुटं त्यो वारा?"

टायरमधून एक आखूड, चपटा खिळा निघाला. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात तिचा. झालं! मंडळी चाक विसरली आणि तो खिळा कुणाच्या बैलाचा यावर वाद सुरू झाला. एकाचं म्हणणं खिळा मिरजगावच्या नालबंदाच्या हातचा, दुसरा म्हणे छे, त्याचा माथा एवढा बसका नसतो. खिळा हातोहात फिरला, एकाने तर चाटूनही पाहिला. चाटून काय कळतं, असं मी विचारलं तर तो म्हणाला, "जुना हाय का नवा त्ये कळतंय." मी मागाहून घरी एक खिळा चाटून पाहिला. मला काही कळलं नाही.

कानिफनाथने तोवर नळीवर ठिगळ चिकटवलं, टायर चढवलं, पंप जोडला आणि दांडा दाबायला लागला. दांडा भराभर वरखाली होत होता. चाक होतं तसंच.

त्याने पंप उघडला. दांड्याच्या टोकाला चामड्याची एक चकती असते, तिला तो 'वायसर' म्हणाला. ती वाळून तिच्या चिंध्या झाल्या होत्या. "ह्यो आसा फाटल्यावर वारा खाली कशाला जातोय? कडंनं वर येनार," त्याने कपाळाला हात लावला. "आन् मी सकाळी बगितला बी न्हाई."

माझी नजर सहज नानांकडे गेली. ते उठून जवळ आले होते. चकती बघून त्यांचा हात पुढे झाला, आणि पुन्हा मागे गेला. मग त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली आणि परत ट्रंकेवर जाऊन बसले. मला त्याचं जरा नवल वाटलं, पण त्या गडबडीत मी ते मनात तसंच ठेवून दिलं.

आता करायचं काय? साडेबारा वाजून गेले होते आणि कर्जत अजून पाच कोस.

"दोन बैलजोड्या द्या," कानिफनाथ कारभाऱ्याला म्हणाला. "मोटार वढत न्हेऊ. म्होरच्या गावात कुनाकडं तरी पंप घावल."

कारभाऱ्याने जीभ चावली. "आज? अवो, काल खांदं मळलं आमी. लोनी-हाळद लावून आवतन दिलंय बैलास्नी. आज त्यांच्या मानंवर जू ठिवायचं? कलेक्टर आला तरी न्हाई."

"फक्त कोसभर," मी म्हणाले.

"ताई, वरीसभर त्ये आमचं आयकत्यात. आज एक दिस आमी त्यांचं आयकायचं."

मला खरं तर ते आवडलं. पण आवडलं म्हणून मोटार हलत नव्हती.

मग ज्याला जे सुचेल ते तो सांगायला लागला. गावात सायकल एकच, मास्तरांची. मास्तर सुट्टीला घरी गेले ते सायकल आणि तिचा पंप घेऊन. लोहाराचा भाता आणावा, असं कारभाऱ्याने सुचवलं. आपली अक्कल त्याला फार आवडली होती. कानिफनाथ म्हणाला, "भात्याचा वारा इस्तवापुरता, पावनं. टायर फुगवाया दाब लागतो." "दाब म्हंजी?" कारभाऱ्याने विचारलं. कानिफनाथने आपला अंगठा पंपाच्या तोंडावर घट्ट धरून दाखवला. मग आलेल्या प्रत्येकाला तो अंगठा धरून बघायचा होता. मीही धरून पाहिला.

टायरमध्ये गवत कोंबून हळूहळू जावं, असंही एकाने सांगितलं. हे मात्र कानिफनाथला ठाऊक होतं. "जाता येतंय. पन टायर फाटला तर मालक मला फाडील. दुसरा कुटनं आनू?"

"मी चालत जाते," मी म्हणाले. "आत्ता निघाले तर पाचपर्यंत पोचेन."

"एकटी?" नाना पहिल्यांदाच बोलले. त्यांचा गुडघा दुखरा, पाच कोस चालणं त्यांना जमणार नव्हतं. त्या एका शब्दात तो मार्ग बंद झाला. मग ते शांतपणे म्हणाले, "तीनच्या आत कर्जतहून टपालाचा टांगा मिरजगावला जातो. त्यात बसू. रात्री मिरजगावला राहू आणि उद्या नगर. दैवाच्या मनात नाही, त्याला आपण काय करणार?"

टांगा घोड्याचा, त्याला पोळा नाही. पण तो सकाळी कर्जतकडे जाऊन चुकला होता, आता फक्त उलटा येणार होता. म्हणजे आम्हाला मदत मिळणार होती ती फक्त घरी परत जायला. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. नानांचा राग, दैवाचा राग, आणि सकाळी पंप न पाहिलेल्या कानिफनाथचाही.

"मऊ चामडं मिळालं तर?" मी त्याला विचारलं. "नवी चकती कापता येईल?"

"येईल की. पन मऊ पायजे."

कारभाऱ्याने माणूस पाठवून जुन्या मोटेचा तुकडा आणवला. मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची पिशवी. पण ते उन्हात वाळून पत्र्यासारखं झालं होतं. एकाने पायातली वहाण काढून पुढे केली, ती तर लाकूडच. पोळ्यासाठी बाजारातून आणलेले नवे पट्टे होते, तेही कोरे, ताठ. कानिफनाथ एकेक वाकवून बघे आणि मान हलवे. मी सगळ्यांना विचारलं. येणाऱ्याला विचारलं, जाणाऱ्याला विचारलं. शेवटी घसा सुकला म्हणून तांब्या घेऊन जवळच्या घरी पाणी मागायला गेले.

घर एका बाईचं होतं. मनकर्णा तिचं नाव, कारभाऱ्याच्या भावाची बायको. नवरा वारलेला, शेती ती स्वतः बघायची. गोठ्यात एकच बैल, शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, तोंडात हिरवा चारा. त्याच्या शेजारचा खुंटा रिकामा. पण त्या रिकाम्या खुंट्याला एक जुना घुंगरांचा पट्टा बांधला होता, त्यावर हळदकुंकू वाहिलं होतं आणि पुढे पानावर एक पुरणपोळी ठेवली होती.

मी पाणी विसरले. "मावशी, ही पोळी कुणासाठी?"

"चिमन्यासाठी."

"कोण चिमण्या?"

तिने आपल्या डोक्याच्या वर हात धरला. "येवढा हुता. वासरू हुता तवा चिमनीवानी पानी प्यायचा, म्हनून चिमन्या. बारा वरसं राबला. वैशाखात गेला." ती खुंट्याकडे बघत म्हणाली, "त्याला बी आवतन दिलं काल. सवय हाय न्हवं."

मग तिने मला नखशिखांत न्याहाळलं. "तू कुटं निगालीस पोरी, सनासुदीची?"

मी सांगितलं. तिला पटेना. "मास्तरीन? तू? अन् कुनाला शिकवनार, पोरींला?"

"हो."

"काय शिकवनार?"

"लिहायला, वाचायला. हिशेब."

"चिठी लिवाया येईल त्यास्नी?"

"येईल की. दुसरीतली मुलगीसुद्धा लिहील."

तिने माझ्या हातातला तांब्या घेतला. मग म्हणाली, "माजी पोरगी तिकडं जामखेडाकडं दिली. वर्साकाठी एकडाव तिला आनाया मुऱ्हाळी जातो, तवा कळतं कशी हाय. मदी कायबी कळत न्हाई. लेक बरी हाय का न्हाई, हे आईनं दुसऱ्याच्या तोंडून आयकायचं." तिने पदराने तांब्या पुसून भरून दिला. "मंग जा की. का थांबलीस?"

मी मोटारीचं सांगितलं. चामड्याचं सांगितलं. "मऊ लागतं, मावशी. जुनं, तेल प्यालेलं." बोलता बोलता माझी नजर खुंट्यावरच्या पट्ट्यावर गेली आणि मी जीभ आवरली. चार बोटं रुंद पट्टा. बारा वर्षं तेल आणि घाम पिऊन कापडासारखा लोंबत होता. तिनेही माझ्या नजरेच्या रोखाने बघितलं. इतका वेळ टकळी चालवणारी मी, पण तो पट्टा मागायला माझं तोंड उघडेना. देव्हाऱ्यातली मूर्ती मागण्यासारखंच ते होतं.

मनकर्णाबाई उठली. पट्ट्यावरचं कुंकू बोटाने टिपून तिने आपल्या जिवंत बैलाच्या कपाळाला लावलं. पट्टा सोडला. हातात धरून एकदा वाजवला. "घुंगराच्या जागंला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "बांदायच्या टोकाला चार बोटं मोकळी हायती, तेवढीच. अन् मी सोता यनार."

आम्ही दोघी रस्त्यावर आलो तेव्हा अडीच वाजले होते. नानांनी ट्रंक उचलून टांग्याच्या वाटेकडे ठेवली होती. पट्टा बघून कारभारी म्हणाला, "वयनी, ह्यो चिमन्याचा!" आणि त्याने टोपी काढली. कानिफनाथने पट्टा हातात घेऊन वाकवला. त्याचा चेहरा उजळला. "ह्यो चालतोय! आगदी लोन्यावानी हाय."

मोकळी जागा खरंच तेवढीच होती, चार बोटं चौरस. एकच चकती निघेल. कानिफनाथने पंपाची नळी त्या चौकोनावर मधोमध उभी धरली, खिळ्याने तिच्याभोवती गोल ओढला आणि चाकू टेकवला. त्याच वेळी लांबून टांग्याच्या घोड्याची घुंगरं ऐकू आली.

"थांब!"

मी दचकून मागे पाहिलं. नाना होते. लंगडत पण भराभर ते आले आणि कानिफनाथच्या हातातून त्यांनी पट्टा काढून घेतला.

"नळीएवढीच कापलीस तर वारा कडेने पळेल आणि हे चामडंही जाईल. चकती नाही, वाटी व्हायला हवी. कडा खाली वळलेली. दाबलं की कडा फुलते आणि नळीला चिकटते." त्यांनी चामडं उलटसुलट करून नखाने दोन्ही बाजू खरवडून पाहिल्या. "गुळगुळीत बाजू बाहेर. लोणी आहे का कुणाकडे?"

"खांदमळनीचं हाय," मनकर्णाबाई म्हणाली आणि घराकडे धावली.

टपालाचा टांगा येऊन थांबला. "काका, दोन जागा हायती," टांगेवाला वरून ओरडला. "मिरजगाव! येताय का?"

नाना रस्त्यात मांडी घालून बसले होते. खिशातून बोरू तासायचा चाकू काढून चामड्यावर मोठा गोल कापत होते. त्यांनी मान वर केली नाही. "जा बाबा तू," ते म्हणाले.

टांगा निघून गेला. त्या चाकातल्या वाऱ्यासारखा माझा जीव कुठेतरी निघून गेला होता, तो परत आला.

मनकर्णाबाईने वाटीत हळद मिसळलेलं लोणी आणलं. नानांनी ते चामड्यात अंगठ्याने चोळचोळून जिरवलं. मग आपली पितळी तपकिरीची डबी, नळीपेक्षा जराशीच बारीक, पालथी धरून तिच्या बुडावर ते चामडं बसवलं, कडा चारी बाजूंनी खाली दाबल्या आणि वरून सुतळी गुंडाळून ऊन लागेल असं ठेवलं. पंधरा मिनिटं कुणी हललं नाही. घरी पेटीचा भाता उघडून बसले की नाना असेच दिसत, ओठ घट्ट मिटलेले आणि नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब. सुतळी सोडली तेव्हा चामड्याची छोटीशी पिवळी वाटी झाली होती. कारभाऱ्याने ती हातात घेऊन आत डोकावून पाहिलं.

"हे तुमी कुटं शिकला?"

"पेटीच्या भात्यात," नाना म्हणाले. "वारा तोच. तिथे सूर काढतो, इथे गाडी उचलतो."

"म्हंजी भात्याचं माजं बराबर हुतं तर!" कारभारी कानिफनाथकडे बघून म्हणाला.

वाटी बसवली. कानिफनाथने पहिला दाब दिला आणि दांडा अर्ध्यावर अडला. इतका वेळ सैल पडणारा तो दांडा आता जोर मागत होता. सगळे ओरडले. मग पाळ्या लागल्या. वीस दाब याचे, वीस त्याचे. कारभारी टायरला कान लावून बसला आणि आत गेलेला वारा कसा वाजतो ते सगळ्यांना सांगू लागला. मनकर्णाबाईने पदर खोचला. "सरका. माज्या चिमन्याचं हाय, मला बी मारू द्या." तिने तीस दाब मारले, पुरुषांपेक्षा दहा जास्त. मी दहा मारले आणि हात भरून आले. चाक हळूहळू उठलं.

निघताना पट्टा तिने खांद्यावर टाकला होता. टोक कापलेलं, घुंगरं शाबूत. मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "आज बैलाला काम लावू नये म्हनत्यात. पन चिमन्याला बसून ऱ्हायला कधी आवडलंच न्हाई." मग हसता हसता तिने डोळे पुसले. "पोरीस्नी आधी चिठी लिवाया शिकव. हिसाब मागनं."

चार वाजायला आले होते. मोटार कर्जतच्या रस्त्याने धापा टाकत चालली. मनात ठेवून दिलेली गोष्ट आता वर येत होती. पुढे झालेला आणि मागे गेलेला तो हात.

"नाना."

"हं."

"कानिफनाथने पंप उघडला तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना, काय करायचं ते?"

नानांनी डबी काढली. तिला लोण्याचा आणि हळदीचा वास येत होता. त्यांनी ती न उघडताच परत खिशात टाकली.

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारशील म्हणून." ते समोर बघत होते. "तू कारभाऱ्याला विचारलंस, ड्रायव्हरला विचारलंस, वाटेने जाणाऱ्याला विचारलंस. मला विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खोटं बोललो नसतो, सरू. पण न विचारता सांगायचं, एवढं माझ्याच्याने होईना. चाक नीट झालं की तू जाणार. मग घरात ती पेटी आणि मी."

नाना नाहीच म्हणतील, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. सगळ्या जगाची चौकशी करणारी मी, आणि घरातलं एक माणूस कधी उघडून पाहिलं नव्हतं.

"मग नंतर का बोललात?"

"त्या बाईने पट्टा आणला तेव्हा मला लाज वाटली," नाना म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "शिवाय तो गाढव तो तुकडा वाया घालवत होता. ते कसं बघवेल?"

मी हसले आणि रडलेही. कानिफनाथने आरशातून आमच्याकडे पाहिलं आणि बिचाऱ्याने उगाचच भोंगा वाजवला.

शाळेत पोचलो तेव्हा पाचला आठ मिनिटं कमी होती. वेशीकडे वाजंत्री वाजत होती, बैल निघाले होते. मोकळ्या वर्गात नीलांबरीबाई एकट्याच बसलेल्या, समोर उघडं पुस्तक, शेजारी घड्याळ. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. माझ्या लुगड्यावर काळे डाग होते आणि नानांचे हात कोपरापर्यंत पिवळे.

"इतका उशीर?"

"चाक पंक्चर झालं," नाना म्हणाले. "मदत शोधत होतो."

"मिळाली म्हणायची."

"मिळाली," मी म्हणाले. "जवळच होती. विचारायला उशीर झाला."

बाईंनी दौत पुढे सरकवली. मी सही केली. पंप मारून हात अजून भरलेले होते, त्यामुळे अक्षर वाकडं आलं आणि शाई जरा जास्तच उतरली. बाई टिपकागद शोधायला लागल्या, तोवर नानांनी वाकून त्या सहीवर हलकेच फुंकर घातली.